कुणीच न ऐकलेले ध्वनी

सात, आठ, कान, नाक, काम, दूध, साप. रोजच्या बोलण्यातले हे मराठी शब्द एका ओळीत मांडा. त्यांच्याखाली त्याच अर्थाचे पंजाबी शब्द मांडा: सत्त, अट्ठ, कन्न, नक्क, कम्म, दुद्ध, सप्प. या दोन ओळींचे नाते कुणालाही दिसेल. पण तौलनिक पद्धतीने भाषांचा अभ्यास करणारा माणूस साम्य पाहून थांबत नाही, त्याची नजर फरकावर असते. जिथे मराठीत स्वर दीर्घ आणि व्यंजन एकेरी, तिथे पंजाबीत स्वर ऱ्हस्व आणि व्यंजन दुहेरी. प्रत्येक जोडीत हाच फरक, त्याच जागी, त्याच रीतीने.

हे एकदा ध्यानात आले की पंजाबी न शिकलेल्या माणसालाही पंजाबी शब्द ओळखू येऊ लागतात. 'अग्ग' म्हणजे आग, 'चम्म' म्हणजे चाम. मागे वळून संस्कृताकडे पाहिले, तर सप्त, कर्ण, कर्म, दुग्ध, सर्प यांतली वेगवेगळी जोडाक्षरे प्राकृतात विरघळून सत्त, कण्ण, कम्म, दुद्ध, सप्प झालेली दिसतात. पंजाबीने ते दुहेरी व्यंजन जपले. मराठीने त्यातले एक सोडले आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबवला. नियमाला न जुमानणारा शब्दही काही सांगून जातो. मराठीत 'सच्चा' आहे. नियमाप्रमाणे इथे 'साच' हवे, आणि ते संतांच्या वाणीत आहेच. म्हणजे 'साच' घरचा आणि 'सच्चा' उत्तरेकडून आलेला.

फरकातली ही शिस्त हाच तौलनिक पद्धतीचा प्राण आहे. एकोणिसाव्या शतकातल्या काही अभ्यासकांनी तिच्यावर इतका भरवसा ठेवला, की हयात माणसांपैकी कुणी कधी ऐकले नव्हते आणि ज्ञात असलेल्या कुठल्या पोथीत लिहिलेले नव्हते, असे ध्वनी एके काळी असलेच पाहिजेत, हे त्यांनी कागदावर मांडून दाखवले. पुढे जमिनीतून मातीच्या विटा निघाल्या आणि त्यांवर तो पुरावा उमटलेला होता. माणसाच्या बुद्धीने केलेल्या पराक्रमांत ही गोष्ट फार वर ठेवावी लागेल, आणि तिच्यातले बरेचसे दुवे आपल्या ओळखीच्या शब्दांत आहेत.

साम्य दिसते, नाते सिद्ध करावे लागते

फादर थॉमस स्टीफन्स मराठी वाचकाला 'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते म्हणून माहीत आहेत. १५८३ साली गोव्याहून त्यांनी आपल्या भावाला एक पत्र लिहिले. या मुलखात भाषा पुष्कळ आहेत आणि त्यांची ठेवण लॅटिन व ग्रीकसारखी आहे, असे निरीक्षण त्यात आहे. दोनच वर्षांनी फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने, जो कोचीनला आणि गोव्यात राहिला, मायदेशी लिहिलेल्या पत्रात संस्कृत आणि इटालियन आकड्यांची जुळणी नोंदवली: सप्त आणि सेत्ते, अष्ट आणि ओत्तो, नव आणि नोवे. दोन्ही निरीक्षणे पत्रांच्या घडीतच राहिली.

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी व्याख्यान दिले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आज अस्तित्वातच नसावे, असे ते म्हणाले. यातला शेवटचा भाग सर्वांत धाडसी होता. तोवर बहुतेक लोक हयात भाषांपैकी कुठली कुणाची आई, यावर वाद घालत. आई हरवली असेल आणि समोर दिसतात त्या सगळ्या मुलीच असतील, हा विचार तेव्हा रुळलेला नव्हता.

पण जोन्स यांनी मांडली ती शक्यता. ती सिद्ध करायला रीत हवी होती, कारण नुसते साम्य फसवे असते. इंग्रजी 'बॅड' आणि फारसी 'बद' घ्या, 'बदनाम'मधला तो 'बद'. अर्थ एकच, उच्चारही जवळजवळ एकच, आणि तरी दोघांचे काही नाते नाही, हा निव्वळ योगायोग आहे. उलट आर्मेनियन भाषेत दोनला 'एर्कु' म्हणतात. संस्कृत 'द्वि'शी त्याचे काही जुळत असेल असे स्वप्नातही वाटणार नाही, आणि ही मात्र सख्खी भावंडे. मूळ भाषेत शब्दाच्या आरंभी जो 'द्व' होता, त्याचा आर्मेनियनमध्ये 'एर्क' होतो. 'लांब' आणि 'भिणे' या अर्थांच्या शब्दांतही तोच बदल भेटतो. फ्रेंच अभ्यासक आन्त्वान मेये यांनी ही जुळणी दाखवून दिली, तेव्हा पद्धतीचे सारे बळ एका उदाहरणात आले: कानाला पटते ते नाते खोटे असू शकते, आणि कानाला पटत नाही ते खरे.

असा नियम मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा हाती लागला तो डेन्मार्कच्या रास्मुस रास्कला आणि जर्मनीच्या याकोब ग्रिमला. रास्कचे पुस्तक १८१८ मध्ये निघाले. ग्रिमने १८२२ मध्ये नियमाची पूर्ण मांडणी केली. हा ग्रिम म्हणजे परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांतला थोरला. संस्कृत आणि लॅटिनमध्ये जिथे 'प', तिथे इंग्रजी-जर्मनच्या कुळात 'फ': पितृ, पातेर, फादर. पाद आणि फूट. पशु, लॅटिन पेकु, आणि जर्मन 'फी', म्हणजे गुरेढोरे. जिथे 'त', तिथे 'थ': त्रि, त्रेस, थ्री. लॅटिन 'क'च्या जागी 'ह': शिंगाला कोर्नू, इंग्रजीत हॉर्न. 'द'च्या जागी 'ट': दश आणि टेन, दन्त आणि टूथ. 'भ'च्या जागी 'ब': भ्रातृ आणि ब्रदर, भू आणि बी. ध्वनींची एक अख्खी रांग सरकली होती, आणि बोलणाऱ्यांच्या कुठल्याही पिढीने ते ठरवून केले नव्हते.

जर्मन बापाचे कोडे, वैदिक उत्तर

या नियमात एक खडा सारखा टोचत होता. माता, पिता, भ्राता या तिन्ही संस्कृत शब्दांत 'त' आहे. लॅटिन मातेर, पातेर, फ्रातेर यांतही तिन्ही ठिकाणी 'त'. मग जर्मनमध्येही तिन्ही ठिकाणी एकच ध्वनी हवा. पण जर्मन माणूस 'मुटर' म्हणतो, 'फाटर' म्हणतो आणि भावाला 'ब्रूडर' म्हणतो. आई-वडिलांना 'ट' आणि भावाला 'ड'. जुन्या इंग्रजीतही हा भेद होता. असे का, याचे उत्तर पन्नास वर्षे मिळाले नव्हते. बहुतेकांनी अपवाद म्हणून ते सोडून दिले होते.

१८७५ साली कार्ल वेर्नर हा तरुण डॅनिश अभ्यासक जरा डोळा लागावा म्हणून फ्रान्झ बॉपचे तौलनिक व्याकरण घेऊन पडला. ही आठवण त्याने स्वतःच नंतर सांगितली. उघडलेल्या पानावर 'पितर्' आणि 'भ्रातर्' हे दोन संस्कृत शब्द होते, आणि त्यांवरच्या आघाताच्या खुणा वेगवेगळ्या जागी होत्या. झोप बाजूला राहिली.

ऋग्वेदाची संहिता उघडली तर ही गोष्ट आजही दिसते. 'पिता' शब्दात 'पि'खाली आडवी रेघ असते, म्हणजे ते अक्षर अनुदात्त, आणि 'ता' उदात्त. 'माता'ही तशीच. 'भ्राता'मध्ये मात्र 'भ्रा' उदात्त आणि पुढच्या 'ता'वर स्वरिताची उभी रेघ. जिथे उदात्त अगदी आधीच्या अक्षरावर होता, तिथे मूळचा 'त' ग्रिमच्या नियमाप्रमाणे 'थ' झाला. जिथे तो आधीच्या अक्षरावर नव्हता, तिथे तोच ध्वनी मृदू होऊन 'द'कडे झुकला. पुढे जर्मनमध्ये या दोहोंचे अनुक्रमे 'ड' आणि 'ट' झाले. इंग्रजी 'हंड्रेड'मध्ये 'थ'ऐवजी 'ड' का, याचेही उत्तर 'शतम्'च्या शेवटच्या अक्षरावरल्या उदात्तात आहे.

यात काय घडले ते सावकाश पाहण्यासारखे आहे. जर्मन भाषांच्या पूर्वजांनी तो जुना आघात केव्हाच टाकून दिला होता. त्यांच्या सगळ्यांत जुन्या लेखनातही त्याचा मागमूस नाही. इकडे वेदपाठी घराण्यांनी पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा आवृत्त्या करत, हाताच्या आणि मानेच्या हालचालींनी स्वर पक्के करत, तोच आघात पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपला. कुठल्या अक्षरावर आवाज चढवायचा हे त्यांनी श्रद्धेने सांभाळले, आणि त्यातून जर्मनमधला बाप आणि भाऊ वेगळे का उच्चारले जातात, याचे कारण मिळाले. एका टोकाला कारण शिल्लक राहिले होते, दुसऱ्या टोकाला परिणाम. दोन्ही शेजारी ठेवणारा माणूस मात्र हवा होता.

वेर्नरच्या शोधाचा परिणाम खोल झाला. सगळ्यांत अवघड अपवादही नियमात बसला, तर मग अपवाद असा काही नसतोच, आपल्याला न सापडलेला नियम असतो. लाइपझिगच्या तरुण अभ्यासकांनी, ओस्टहोफ आणि ब्रुगमान यांनी, १८७८ मध्ये हे जाहीरच करून टाकले: ध्वनिनियम अपवाद मानत नाहीत.

'चकार'मधला हरवलेला ए

त्याच दशकात आणखी एक गाठ सुटली, आणि ती समजायला मराठी माणसाइतका सोयीचा कान दुसरा नाही. 'घराचा' आणि 'घराची' हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यातला 'च' दंततालव्य आहे, दुसऱ्यातला शुद्ध तालव्य. 'माझा' आणि 'माझी' यांतल्या 'झ'चेही तसेच. लिहिताना अक्षर एकच, पण पुढे 'ई' आली की जीभ आपोआप टाळूकडे सरकते. पुढचा स्वर आधीच्या व्यंजनाला आपल्या जागी ओढतो.

आता 'चकार' घ्या. 'कृ' धातूची द्विरुक्ती होऊन हे रूप बनते, मग पहिला 'क' बदलून 'च' का झाला आणि दुसरा 'क' तसाच का राहिला? पुढचा स्वर तर दोन्हीकडे 'अ'च्याच कुळातला. 'जगाम'मध्येही पहिल्या 'ग'चा 'ज' झाला, दुसरा राहिला. पाणिनीने हा नियम अचूक सांगितला, पण संस्कृताच्या आत त्याचे कारण शिल्लक नव्हते. ग्रीक शेजारी ठेवल्यावर ते दिसले. ग्रीक द्विरुक्तीत पहिल्या अक्षरात 'ए' असतो आणि धातूत 'ओ'. म्हणजे पूर्वी पहिल्या 'क'पुढे 'ए' होता. त्याने 'क'ला टाळूकडे ओढून 'च' केले. दुसऱ्यापुढे 'ओ' होता, त्याने काही केले नाही. नंतर संस्कृताच्या पूर्वरूपात ए, ओ, अ या तिन्हींचा मिळून एकच 'अ' झाला. ज्याने बदल घडवला तो स्वर निघून गेला, त्याने घडवलेला 'च' मागे राहिला.

'आणि' या अर्थाचा संस्कृत 'च', लॅटिन 'क्वे' आणि ग्रीक 'ते' हे तिन्ही यामुळे एका मुळाशी जोडले गेले: 'क्वे'. तोवर अनेकांची समजूत अशी होती की स्वरांच्या बाबतीत संस्कृतच सर्वांत जुने. आता कळले की इथे ग्रीकने जास्त जपले आहे आणि संस्कृतने तीन स्वर एकत्र केले आहेत. बहिणींपैकी प्रत्येकीने काही ना काही राखले, काही ना काही गमावले. आई कशी होती हे कुण्या एकीला विचारून कळत नाही. सगळ्यांची साक्ष काढावी लागते.

एकवीस वर्षांच्या मुलाने मांडलेले गणित

फेर्दिनां द सोस्यूर जिनिव्हाहून लाइपझिगला शिकायला आला होता. डिसेंबर १८७८ मध्ये त्याचे इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन ज्यातल्या त्या कुळाच्या, स्वरव्यवस्थेवरचे पुस्तक निघाले, तेव्हा त्याला एकवीस वर्षे पूर्ण होऊन जेमतेम एक महिना झाला होता. त्याच्या युक्तिवादाचा गाभा संस्कृताच्या गणांत आहे. शाळेत रुधादि आणि क्र्यादि गण पाठ केलेल्या कुणालाही तो समजेल.

सातव्या गणातला 'युज्' धातू पाहा. 'युक्त'मध्ये तो नुसता आहे. 'युनक्ति' करताना धातूच्या शेवटच्या व्यंजनाआधी 'न' घुसतो: यु, न, क्, ति. आता नवव्या गणातला 'पू' पाहा. 'पूत' म्हणजे शुद्ध केलेला. पण 'पुनाति' करताना दोन गोष्टी एकदम होतात. 'पू' ऱ्हस्व होतो आणि 'न'च्या जागी 'ना' येतो. व्याकरणाच्या पुस्तकात हे दोन वेगळे गण, दोन वेगळ्या रीती.

सोस्यूर म्हणाला, या दोन रीती मुळात एकच आहेत. 'पू' हा धातू मुळात 'पु' होता आणि त्याच्या शेवटी आणखी एक ध्वनी होता, जो पुढे हरवला. त्या हरवलेल्या ध्वनीच्या जागी इथे ० मांडू. 'युज्'मध्ये 'ज्'च्या आधी 'न' घुसतो, तसा इथे ० च्या आधी घुसतो: पु, न, ०, ति. हा ध्वनी लोपताना आपल्या आधीच्या स्वराला दीर्घ करून जातो. मग 'न०' चे 'ना' होते आणि रूप मिळते 'पुनाति'. 'न' नसेल तेव्हा 'पु०' चे होते 'पू'. दोन गणांचा एक गण झाला, दोन विचित्र नियमांच्या जागी एक साधा नियम आला, आणि किंमत एवढीच की कुठल्याही ज्ञात भाषेत न सापडणारा एक ध्वनी मान्य करायचा.

तोच ध्वनी आणखी एक जुने कोडे सोडवतो. काही धातूंना प्रत्ययाआधी 'इ' लागते आणि काहींना लागत नाही. 'युज्'चे 'योक्तुम्' होते, पण 'पू'चे 'पवितुम्', 'भू'चे 'भवितुम्'. पाणिनीय परंपरेने धातूंची सेट् आणि अनिट् अशी विभागणी करून हे नेटकेपणाने नोंदवले आहे. कुठल्या धातूला इट् आणि कुठल्याला नाही, हे विद्यार्थी आजही पाठ करतो. सोस्यूरच्या मांडणीत सेट् धातू म्हणजे ज्यांच्या शेवटी तो हरवलेला ध्वनी होता ते. दोन व्यंजनांच्या मध्ये सापडला की संस्कृतात त्याची 'इ' होते. 'पवित्र' शब्दातली 'इ' ही त्या लुप्त ध्वनीची खूण आहे. लॅटिन 'पातेर'मध्ये 'अ' असताना आपल्या 'पिता'मध्ये 'इ' का, याचेही कारण तेच.

सोस्यूरने अशा घटकांना बीजगणितातल्या राशींसारखी नुसती अक्षरे दिली. ते कसे उच्चारले जात असतील यावर त्याने भर दिला नाही. त्याला दिसत होती ती व्यवस्थेतली रिकामी जागा. हेरमान म्यॉलर यांनी पुढे सुचवले की हे घशातून उमटणारे व्यंजन असावे. बहुतेक अभ्यासकांना ही सगळी कागदावरची कसरत वाटली. २२ फेब्रुवारी १९१३ रोजी सोस्यूर वारला, तोवर या मांडणीला एकही प्रत्यक्ष पुरावा मिळालेला नव्हता.

विटा बोलू लागल्या

खरे तर पुरावा तोवर जमिनीबाहेर आला होता, फक्त वाचता येत नव्हता. तुर्कस्तानातल्या बोआझकोय गावाजवळ १९०६ पासून हूगो विंकलर आणि थिओडोर माक्रिदी यांनी केलेल्या उत्खननात कीलाक्षरांत लिहिलेल्या हजारो मातीच्या विटा निघाल्या. हे ठिकाण म्हणजे हित्ती राजांची राजधानी हातुशा. कीलाक्षरे वाचता येत होती, पण भाषा कळत नव्हती.

चेक अभ्यासक बेड्रिख ह्रोझ्नी एका वाक्यापाशी अडला: 'नू निंदा-अन् एझ्झात्तेनि वातार-म एकुत्तेनि'. 'निंदा' हे सुमेरी चिन्ह भाकरीचे, हे ठाऊक होते. भाकरीशेजारी येणारे 'एझ्झात्तेनि' म्हणजे खाणे असेल का? संस्कृतात अद्, लॅटिनमध्ये एदो, जर्मनमध्ये एसेन. आणि 'वातार'? इंग्रजी वॉटर, आपले उदक. 'मग तुम्ही भाकरी खाल आणि पाणी प्याल.' एवढ्या साध्या वाक्याने एक संपूर्ण भाषा उघडली. २४ नोव्हेंबर १९१५ रोजी बर्लिनमध्ये ह्रोझ्नीने जाहीर केले की हित्ती ही इंडो-युरोपीय कुळातली भाषा आहे. या कुळातली इतकी जुनी लिखित साक्ष तोवर मिळाली नव्हती.

हित्तीत घशातला एक खरखरीत ध्वनी वारंवार येत होता, साधारण उर्दूतल्या 'ख़'सारखा. सुरुवातीला त्याचे काय करायचे हे कुणाला कळेना. १९२७ साली पोलंडच्या येझी कुरिवोविच यांनी तो शब्दाशब्दांत तपासला. संस्कृत 'पा' म्हणजे रक्षण करणे, 'नृप' आणि 'गोप'मधला तो धातू. त्यात दीर्घ 'आ' आहे. सोस्यूरच्या हिशेबाने या 'आ'च्या मागे हरवलेला ध्वनी हवा. हित्तीत रक्षण करण्याला शब्द आहे 'पख़्स्'. अगदी त्याच जागी 'ख़'. हाडाला संस्कृतात 'अस्थि', ग्रीकमध्ये 'ओस्तेओन', हित्तीत 'ख़स्ताय'. समोर या अर्थी लॅटिन 'आन्ते', संस्कृत 'अन्ति', हित्ती 'ख़न्ति'. एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने केवळ हिशेबाने ज्या जागा रिकाम्या म्हणून दाखवल्या होत्या, त्यांतल्या कितीतरी जागी तीन हजारांहून अधिक वर्षे मातीत पडलेल्या विटांवर 'ख़' कोरलेला होता.

अशी प्रचीती एकदाच आलेली नाही. 'च', 'क्वे', 'ते' यांवरून मूळ 'क्वे' ठरवले, ते ग्रीकमध्ये कुठे दिसत नव्हते, कारण ज्ञात ग्रीकमध्ये त्याचा 'ते' होऊन गेला होता. १९५२ मध्ये वास्तुरचनाकार मायकेल व्हेंट्रिस यांनी लिनिअर बी लिपी उलगडली आणि होमरच्याही आधीची ग्रीक वाचता येऊ लागली. तिच्यात 'आणि' दाखवण्यासाठी शब्दाच्या शेवटी जोडलेले असते 'क्वे'.

हे सगळे जुन्या ग्रंथांच्या भाषांपुरतेच चालते असेही नाही. अमेरिकेतले लिओनार्ड ब्लूमफिल्ड अल्गोंक्वियन कुळातल्या भाषांचा अभ्यास करत. त्या भाषांना ग्रंथपरंपरा नव्हती. 'लाल' या अर्थाच्या एकाच शब्दातली जुळणी बाकीच्या कुठल्या नियमात बसेना. दुसरा कुणी ती सोडून देता. ब्लूमफिल्डने १९२५ मध्ये त्या एका शब्दासाठी मूळ भाषेत वेगळे जोडव्यंजन मानले. तीनच वर्षांनी कॅनडातल्या मॅनिटोबाकडच्या क्री बोलीची माहिती पुढे आली. तिथे त्याच जागी बाकी सगळ्यांहून वेगळे जोडव्यंजन जिवंत होते, लोक ते रोज उच्चारत होते.

पद्धतीची मर्यादा, आणि मराठी

या पद्धतीला कुठे थांबायचे हेही कळते, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. मूळ भाषेत कुठे किती वेगळे ध्वनी होते हे ती सांगते. ते नेमके कसे उच्चारले जात, याबद्दल ती जपून बोलते. आउगुस्ट श्लायशर यांनी १८६८ मध्ये त्या मूळ भाषेत मेंढी आणि घोडे यांची एक छोटी गोष्ट लिहिली. तीत जिकडे तिकडे संस्कृतासारखे 'अ' होते. 'चकार'मधला तालव्यांचा नियम सापडल्यावर स्वर बदलले, सोस्यूरनंतर व्यंजने वाढली. तीच गोष्ट नंतरच्या अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा नव्याने लिहिली. फार मागे गेले की खुणा इतक्या पुसट होतात की योगायोग आणि नाते वेगळे करता येत नाही. साधारण दहा हजार वर्षांपलीकडे ही पद्धत फारसे काही सांगू शकत नाही, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

मराठीही या कामात लवकर सामील झाली. १८७७ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी मुंबईत विल्सन व्याख्याने दिली आणि संस्कृतापासून आजच्या भाषांपर्यंतचे ध्वनिबदल नियमांनी मांडून दाखवले. मेये यांचे शिष्य ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवर फ्रेंचमध्ये लिहिलेला ग्रंथ १९२० मध्ये निघाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. कोकणीच्या घडणीवर सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४२ मध्ये ग्रंथ लिहिला.

या सगळ्यांत मला सर्वांत मोह पडतो तो राल्फ टर्नर यांच्या १९१६ सालच्या निबंधाचा. त्याचा विषय होता मराठीतला इंडो-युरोपीय आघात. 'पिता' आणि 'भ्राता' वेगळे करणाऱ्या त्या वैदिक उदात्ताचा ठसा मराठी शब्दांतल्या स्वरांच्या लांबी-आखूडपणात अजून शिल्लक आहे, असे टर्नर यांचे म्हणणे होते. ब्लॉक यांना ते पटले नाही, आणि वाद झाला. पण वाद कशावर होता ते पाहा. बाजारात आणि शेतात बोलल्या जाणाऱ्या मराठीत तीन हजार वर्षांपूर्वीचा चढा स्वर दडलेला आहे का, हा प्रश्न गंभीरपणे विचारता आला, त्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुरावे मांडता आले. तौलनिक पद्धतीने दिलेली ही देणगी आहे.

वेर्नर, सोस्यूर, ब्लूमफिल्ड यांच्यापैकी कुणीही साम्य शोधत बसले नाहीत. बाकीच्यांनी 'हे जरा वेगळेच आहे' म्हणून बाजूला ठेवलेला शब्द त्यांनी उचलला आणि त्याच्याकडे कारण मागितले. ते कारण दर वेळी कुठल्या तरी दुसऱ्या भाषेत निघाले, आणि कुठल्या भाषेत निघेल हे आधी कुणालाच सांगता आले नसते. एकदा वेदपाठात निघाले, एकदा विटेवर, एकदा कॅनडातल्या एका बोलीत. म्हणून मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, झाडी, वारली अशा बोलींकडे पाहताना प्रमाण मराठीत न बसणारा उच्चार हा सुधारायचा दोष मानणे मोठ्या तोट्याचे आहे. तो आधी नोंदवावा, ध्वनिमुद्रित करावा, शेजारच्या बोलींशी ताडून पाहावा. एखाद्या हरवलेल्या नियमाचा तो शेवटचा साक्षीदार असू शकतो, आणि त्याची साक्ष घ्यायला तो बोलणारी माणसे आज आपल्यात आहेत.